पट्टा, पंप आणि वायू : जुन्या मोटारींच्या एसी कॉम्प्रेसरचा इतिहास

१/
१९४० सालच्या पॅकार्ड मोटारीत थंड हवा मिळत असे, पण ती बंद करण्याचे बटण नव्हते. पंखा थांबवता येई. इंजिनाला पट्ट्याने जोडलेला कॉम्प्रेसर मात्र फिरतच राही. तो थांबवायचा तर गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचे, बॉनेट उघडायचे आणि पट्टा हाताने काढून ठेवायचा. हिवाळा संपला की तोच पट्टा पुन्हा चढवायचा.

#धागा #यंत्रेतिहास

२/
आज अशी एखादी पन्नास-साठ वर्षांची गाडी गॅरेजमध्ये जाते आणि उत्तर मिळते : "कॉम्प्रेसर गेला, नवा टाकावा लागेल." या वाक्यामागे अमेरिकेतील एका कारखान्याचा, एका रसायनाचा आणि एका आंतरराष्ट्रीय कराराचा इतिहास आहे. तो ठाऊक नसल्यामुळे अनेक चांगले कॉम्प्रेसर भंगारात गेले. तो इतिहास क्रमाने पाहू.

३/
आधी यंत्राचे काम. द्रवाचे बाष्प होताना तो भोवतालची उष्णता शोषतो. मोटारीतील थंडावा याच तत्त्वावर मिळतो. आसनांजवळच्या कूलिंग कॉइलमध्ये शीतक द्रव उकळतो आणि आतील हवेची उष्णता घेतो. कॉम्प्रेसर ते बाष्प ओढून दाबतो. दाबलेले तप्त बाष्प रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होते. मग एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून त्याचा दाब उतरतो आणि चक्र नव्याने सुरू होते. या साखळीत इंजिनाची शक्ती खर्चून फिरणारा भाग एकच, तो म्हणजे कॉम्प्रेसर.

४/
हे चक्र घरगुती शीतकपाटांत विसाव्या शतकाच्या आरंभीच चालू झाले होते. अडचण शीतकाची होती. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड ही तेव्हाची शीतके विषारी होती, काही ज्वलनशीलही होती. घरात गळती झाली तर खिडकी उघडून पळता येई. बंद मोटारीत बसलेल्यांना ती सोय नव्हती. म्हणून मोटारीतील वातानुकूलनाची वाट यंत्रशास्त्राआधी रसायनशास्त्राने मोकळी केली.

५/
१९२८ मध्ये जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात थॉमस मिजली आणि त्याचे सहकारी निर्धोक शीतकाच्या शोधाला लागले. त्यातून डायक्लोरोडायफ्लुरोमिथेन हाती आले. हेच फ्रिऑन-१२, पुढे 'आर-१२'. १९३० मध्ये अमेरिकन रसायनशास्त्र संस्थेच्या सभेत मिजलीने हा वायू छातीत भरून घेतला आणि उच्छ्वासाने जळती मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एकाच कृतीत दिसले. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची कल्पनाही याच मिजलीची होती.

६/
आर-१२ हाती आल्यावर नऊ वर्षांनी, नोव्हेंबर १९३९ मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पॅकार्डने आपली वातानुकूलित गाडी मांडली. यंत्रणा क्लीव्हलंडच्या बिशप अँड बॅबकॉक कंपनीची होती. तिची किंमत २७४ डॉलर होती. कूलिंग कॉइल मागच्या आसनामागे असे आणि डिकीची बरीच जागा खाई. पट्टा काढण्याची कटकट होतीच. महाग, अवजड आणि गैरसोयीची असल्यामुळे ही यंत्रणा फार चालली नाही. युद्धात खासगी मोटारींचे उत्पादनच थांबले आणि प्रयोग तिथेच राहिला.

७/
१९५३ मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक, ब्यूक, ओल्ड्समोबिल आणि क्रायस्लरच्या इंपीरियल या महागड्या गाड्यांतून वातानुकूलन परतले. यंत्रणा अजूनही डिकीतच होती. पुढच्याच वर्षी नॅश कंपनीने चित्र पालटले. नॅश आणि शीतकपाटे बनवणारी केल्व्हिनेटर या कंपन्या १९३७ मध्ये एकत्र आल्या होत्या. १९५४ च्या नॅश अँबॅसडरमध्ये गरम हवा, थंड हवा आणि वायुवीजन ही तिन्ही कामे गाडीच्या पुढच्या भागात बसणाऱ्या एकाच यंत्रणेत आली. किंमत ३४५ डॉलर होती. कॉम्प्रेसरच्या पुलीवर विद्युत क्लच होता.

८/
हा क्लच दिसायला किरकोळ भाग. पट्टा आणि पुली सतत फिरत राहतात; तारेच्या गुंडाळीतून वीज गेली की चुंबकत्वाने पुढची चकती पुलीला चिकटते आणि तेव्हाच कॉम्प्रेसरचा दांडा फिरू लागतो. वीज तोडली की दांडा थांबतो. पट्टा हाताने काढण्याचे काम यामुळे कायमचे संपले. आजही गाडीत एसीचे बटण दाबल्यावर बॉनेटखालून 'टक्' असा आवाज येतो, तो या चकतीचा.

९/
यानंतर प्रसार झपाट्याने झाला. १९६० च्या दशकाअखेर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक नव्या गाड्यांत एसी होता. या काळाचे प्रातिनिधिक यंत्र म्हणजे जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागाचा 'ए-६' कॉम्प्रेसर. तो १९६२ च्या मॉडेलांपासून आला आणि दीड दशकाहून अधिक काळ चालला. कॅडिलॅकपासून शेव्हर्लेपर्यंत तर तो होताच; शिवाय ब्रिटनच्या रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो आणि जॅग्वार एक्सजे या गाड्यांनीही तो स्वीकारला.

१०/
ए-६ची रचना पाहण्यासारखी आहे. बाहेरून तो पोलादी डब्यासारखा दिसतो आणि त्याचे वजन सुमारे १६ किलो भरते. आत दांड्यावर एक तिरपी तबकडी बसवलेली असते. ती फिरू लागली की तिच्या कडेला धरलेले तीन दट्ट्ये पुढे-मागे सरकतात. प्रत्येक दट्ट्या दोन्ही टोकांनी काम करतो, म्हणून दट्ट्ये तीन असूनही सिलिंडर सहा. एका फेरीत सुमारे २०६ घन सेंटिमीटर बाष्प दाबले जाते. मागच्या टोकाला तेलाचा छोटा गिअर पंप असतो. भाग जाडजूड आणि तोल उत्तम, त्यामुळे तो शांतपणे चालतो.

११/
इतर घराणीही होती. क्रायस्लरने बिडाच्या, इंग्रजी 'व्ही' आकारात दोन सिलिंडर असलेल्या कॉम्प्रेसरवर वीसएक वर्षे भिस्त ठेवली. फोर्ड आणि इतर अनेक कंपन्यांनी यॉर्क व टेकमसे यांचे दोन उभ्या सिलिंडरांचे कॉम्प्रेसर वापरले. ते साधे व दणकट होते, पण थरथर फार. यॉर्कच्या पोटात तेलाची स्वतंत्र टाकी असल्याने आडरानात गाड्या चालवणारे हौशी लोक आजही तो टायरमध्ये हवा भरण्यासाठी बसवतात. १९७० च्या दशकात जपानच्या सांक्यो कंपनीचा पाच सिलिंडरांचा, हलका व आटोपशीर कॉम्प्रेसर आला. १९८२ मध्ये या कंपनीने सँडेन हे नाव घेतले.

१२/
आता या इतिहासातील कळीची गोष्ट. ही सर्व यंत्रे आर-१२ या एकाच वायूसाठी घडली होती. कॉम्प्रेसरला लागणारे खनिज तेल आर-१२ मध्ये विरघळे, वायूबरोबर साऱ्या नळ्यांतून फिरे आणि परत येई. वायूतील क्लोरीन धातूच्या घासणाऱ्या पृष्ठांवर पातळ संरक्षक थर धरी. नळ्यांचे रबर, सीलचे साहित्य, कंडेन्सरचा आकार, सारे त्या वायूच्या गुणधर्मांवर बेतलेले होते. यंत्र आणि वायू यांची ती जोडी होती. पुढे ही जोडी फुटली ती कोणत्याही गॅरेजपासून फार दूर घडलेल्या घटनांमुळे.

१३/
१९७४ मध्ये मारियो मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी 'नेचर' नियतकालिकात एक धोका मांडला. आर-१२सारखी क्लोरोफ्लुरोकार्बन संयुगे इतकी स्थिर आहेत की खालच्या वातावरणात ती नष्ट होत नाहीत. ती हळूहळू स्थितांबरात चढतात, अतिनील किरणांनी फुटतात आणि मुक्त झालेले क्लोरीन ओझोनचा नाश करते. मेणबत्ती विझवून सिद्ध झालेला निर्धोकपणा आणि हा धोका यांचे मूळ एकच होते : रेणूचा चिवटपणा. आर-१२चे वातावरणातील आयुष्य सुमारे शंभर वर्षे आहे.

१४/
१९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट नोंदवली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिअल करारावर सह्या झाल्या. अमेरिकेत १९९५ अखेर आर-१२चे उत्पादन थांबले. त्याच वर्षी मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झेन यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. उरलेल्या आर-१२चे भाव चढले आणि अमेरिकेच्या बंदरांतून त्याची तस्करी होऊ लागली. कालपर्यंत किराणा मालासारखा मिळणारा डबा मौल्यवान झाला.

१५/
भारताचाही यात वाटा आहे. मुंबईच्या मफतलाल समूहाच्या नवीन फ्लोरिन कंपनीने १९६७ पासून सुरतजवळच्या भेस्तान येथे शीतक वायूंचे उत्पादन केले. 'मॅफ्रॉन' हे नाव जुन्या एसी-फ्रिज कारागिरांच्या तोंडी आजही असते. भारत १९९२ मध्ये माँट्रिअल करारात सामील झाला. २००० मध्ये ओझोन-नाशक पदार्थांविषयीचे नियम आले आणि १ ऑगस्ट २००८ पासून औषधी वापराचा अपवाद वगळता क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन देशात बंद झाले.

१६/
आर-१२च्या जागी आला आर-१३४ए. यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला धोका नाही. दोन्ही वायूंचे उत्कलनबिंदू जवळजवळ आहेत : आर-१२चा सुमारे उणे ३० अंश, आर-१३४एचा सुमारे उणे २६ अंश सेल्सिअस. एवढे साम्य पाहून 'जुना वायू काढा, नवा भरा' असा सोपा समज पसरला. जुन्या कॉम्प्रेसरांच्या अनेक मृत्यूंचे मूळ या समजात आहे.

१७/
पहिली चूक तेलाची. आर-१३४एमध्ये खनिज तेल विरघळत नाही. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडलेले तेल कूलिंग कॉइलच्या तळाशी साचून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. नव्या वायूला पॅग किंवा एस्टर प्रकारचे कृत्रिम तेल लागते. पॅग तेल हवेतील ओलावा झपाट्याने ओढते, शिवाय जुन्या यंत्रणेत राहून गेलेल्या तेल-क्लोराइडांशी त्याचे पटत नाही. म्हणून जुन्या गाडीत बहुधा एस्टर तेल निवडले जाते, आणि तेही जुने तेल शक्य तितके निपटून काढल्यावर.

१८/
दुसरी चूक दाबाची. कंडेन्सरमध्ये ६० अंश सेल्सिअसला आर-१२चा दाब वातावरणदाबाच्या सुमारे १५ पट असतो. आर-१३४एचा सुमारे १७ पट. थंड बाजूला मात्र नव्या वायूचा दाब जुन्यापेक्षा किंचित कमी असतो. म्हणजे त्याच कॉम्प्रेसरला अधिक खालून अधिक वर ढकलावे लागते. गाडी वेगात असेल तर कंडेन्सरवरून भरपूर हवा जाते आणि फरक जाणवत नाही. मे महिन्यात दादरच्या सिग्नलवर इंजिन मंद फिरत असताना मात्र तो जाणवतो. त्यामुळे वायू बदलताना मोठा किंवा आधुनिक धाटणीचा कंडेन्सर आणि जोमदार पंखा बसवणे शहाणपणाचे ठरते.

१९/
तिसरी चूक सवयीची. जुन्या यंत्रणेत काचेची छोटी खिडकी असे. तीतून बुडबुडे दिसेनासे झाले की आर-१२ पुरेसा भरला, असे कारागीर समजत. आर-१३४एला ही खूण लागू पडत नाही. बुडबुडे जाईपर्यंत भरला तर तो जास्त होतो. साधारणपणे जुन्या मापाच्या ८० ते ९० टक्के वजनाने तो भरतात. गळती शोधण्याची हॅलाइड टॉर्चही निरुपयोगी ठरली. तिची ज्योत क्लोरीनमुळे हिरवी होई, आणि नव्या वायूत क्लोरीनच नाही. कारागिरांची अर्ध्या शतकाची नजर अशी एका वायूबरोबर कालबाह्य झाली.

२०/
मग जुना कॉम्प्रेसर खरोखर कशाने बिघडतो? पुष्कळदा न वापरल्याने. दांडा जिथे कवचातून बाहेर येतो तिथले सील तेलाने ओले राहिले तरच वायू अडवते. संग्रहातील गाडी वर्ष-वर्ष उभी राहते, सील सुकते आणि वायू कणाकणाने निसटतो. पुढे मालक बटण दाबतो, थंड हवा येत नाही, आणि निदान होते : कॉम्प्रेसर गेला. वस्तुतः यंत्रणा केवळ रिकामी झालेली असते. म्हणूनच जुन्या गाडीचा एसी महिन्यातून एकदा तरी काही मिनिटे चालवावा, असे जाणकार सांगतात.

२१/
यासाठी बदलण्याआधी निदान हवे. क्लचला वीज पोहोचते का? वायू कमी झाल्यामुळे सुरक्षा-स्विचने ती तोडली आहे का? इंजिन बंद असताना क्लचची पुढची चकती हाताने फिरवली तर दांडा गुळगुळीत फिरतो, खरखरतो की जाम आहे? क्लचची गुंडाळी जळणे किंवा पुलीचे बेअरिंग वाजणे हे बाहेरचे रोग आहेत. त्यासाठी कॉम्प्रेसर उघडावाही लागत नाही. सील गळणे हा मधला रोग. आतले रीड व्हॉल्व्ह तुटणे किंवा दट्ट्या जाम होणे हा गंभीर रोग.

२२/
ए-६चे सील बदलणे हे सरावलेल्या हातांचे काम आहे. सर्वप्रथम उरलेला वायू यंत्राने टाकीत खेचून घ्यायचा. मग क्लचची चकती खास ओढणीने काढायची, अडकण-कडी सोडवायची, सिरॅमिकची बैठक व सील उचलायचे, नवे सील तेलात बुडवून चरा न पडता बसवायचे. मागच्या झाकणाची मोठी ओ-रिंगही बदलायची. तेल मोजून भरायचे. पट्टा चढवण्याआधी दांडा हाताने दहा-बारा वेळा फिरवायचा, म्हणजे सिलिंडरांत साचलेले तेल बाहेर सरते. द्रव दाबला जात नाही. तो आत राहिला तर पहिल्याच फेरीत रीड व्हॉल्व्ह मोडू शकतो.

२३/
कॉम्प्रेसर आतून झिजून जाम झाला असेल, तर केवळ तो बदलून भागत नाही. धातूचा चुरा आणि जळके तेल नळ्यांतून सगळीकडे गेलेले असते. नळ्या धुतल्या नाहीत, एक्सपान्शन व्हॉल्व्ह साफ केला नाही, तर नवा कॉम्प्रेसरही त्याच मार्गाने जातो. यंत्रणा उघडली की ओलावा टिपणारा ड्रायर प्रत्येक वेळी नवा हवा. शेवटी व्हॅक्यूम पंपाने अर्धा-पाऊण तास आतली हवा खेचायची, म्हणजे उरलेला ओलावा बाष्प होऊन निघून जातो. या पायऱ्या गाळल्या गेल्या की दोष मात्र नव्या भागाच्या माथी येतो.

२४/
तांत्रिक प्रश्न सुटला की ऐतिहासिक प्रश्न उभा राहतो. मालकापुढे चार वाटा असतात. मूळ कॉम्प्रेसर दुरुस्त करून पुन्हा वापरात आणलेला जुना आर-१२ भरणे. मूळ कॉम्प्रेसर ठेवून तेल, रबरी नळ्या, कंडेन्सर बदलून आर-१३४ए भरणे. बाहेरून ए-६सारखा दिसणारा पण आतून आधुनिक, हलका ॲल्युमिनियमचा कॉम्प्रेसर लावणे. किंवा वेगळा ब्रॅकेट बनवून सँडेनसारखा छोटा कॉम्प्रेसर बसवणे. हायड्रोकार्बन वायू भरण्याची स्वस्त वाट काही जण सुचवतात. पण तो वायू ज्वलनशील आणि कूलिंग कॉइल प्रवाशांच्या पायांशी, हे विसरता येत नाही.

२५/
प्रत्येक वाटेला किंमत आहे. पहिल्या वाटेने गाडी कारखान्यातून निघाली तशी राहते. पण जगात उरलेल्या आर-१२चा एक अंश गळक्या यंत्राच्या हवाली होतो. मोठ्या अमेरिकन गाडीत दीड किलोहून अधिक आर-१२ मावतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजारपटीहून अधिक तापमानवाढ घडवतो. म्हणजे एका गाडीची गळती पंधरा टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतकी. आर-१३४एही निष्पाप नाही. त्याचा प्रभाव सुमारे १,४०० पट आहे आणि २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्याचाही वापर टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे.

२६/
चौथी वाट सर्वांत सोयीची. इंजिनावरचा भार कमी, सुटे भाग सहज उपलब्ध. पण इथे पुरावा पुसला जातो. १९६६ च्या कॅडिलॅकच्या बॉनेटखाली सोळा किलोचा तो डबा का होता, त्यासाठी एवढा जाड ब्रॅकेट का लागला, हे सारे त्या काळच्या स्वस्त पेट्रोलचे आणि मोठ्या इंजिनांचे दस्तऐवज आहेत. तेथे छोटा कॉम्प्रेसर बसला की गाडी थंड होते. बॉनेटखालचा हा भाग मात्र १९६६ चा राहत नाही.

२७/
भारतातही हा प्रश्न आता कागदावर आला आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि सांगाडा, बाह्यकवच व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या वाहनांना 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते. कॉम्प्रेसर काढता-घालता येणारा भाग आहे; पण त्यासाठी इंजिनात नवी भोके पाडणे, पत्रा कापणे, मूळ ब्रॅकेट वितळवून टाकणे या गोष्टी परत फिरवता येत नाहीत.

२८/
वास्तुसंवर्धनात १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून मूळ साहित्याचा आदर राखणे आणि केलेल्या कामाची नोंद ठेवणे हे शिस्तीचे भाग मानले जातात. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, आपल्या ट्युरिन सनदेत हाच विचार मोटारींना लावला. त्याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. बदल असा करावा की तो उद्या उलटवता येईल. बदल काय केला, कधी केला, कोणता वायू आणि किती तेल भरले, याची चिठ्ठी बॉनेटखाली लावावी. काढलेला मूळ कॉम्प्रेसर तेल भरून, तोंडे बंद करून, गाडीच्या नावाने जपून ठेवावा.

२९/
या कसोटीवर बहुतेक गाड्यांसाठी दुसरी वाट अधिक न्याय्य ठरते : यंत्र मूळचे, वायू आजच्या कायद्यातला, आणि दोघांचे जमावे म्हणून भोवतालचे भाग समजून बदललेले. अनेक ए-६ अशा रीतीने नव्या वायूवर वर्षानुवर्षे चालले आहेत. कवचच निकामी झाले असेल तर तिसरी-चौथी वाट घ्यावी लागते, आणि त्यात कमीपणा नाही. मात्र कोणतीही वाट घेतली तरी जुना वायू हवेत सोडून कामाला सुरुवात करणे समर्थनीय नाही.

३०/
१९४० मध्ये पॅकार्डच्या मालकाला कॉम्प्रेसर थांबवण्यासाठी फक्त पट्टा काढावा लागे. तो पट्टा गॅरेजच्या खुंटीवर राही आणि उन्हाळ्यात परत चढे. आज 'नवा टाकू' हे उत्तर मिळाले, तर जुन्या गाडीच्या मालकाने तीन प्रश्न विचारावेत : बिघाड नेमका कशात आहे, यंत्रणेत आत्ता कोणता वायू आहे, आणि काढलेला भाग कुठे ठेवणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "भंगारात" असे आले, तर काम तिथेच थांबवावे.

#धागा समाप्त